पट्ट्याने बांधलेली डिस्क

आश्विन शुद्ध एकादशी, दसऱ्याचा दुसरा दिवस. वेळ सकाळची. ठिकाण : देवास, बाळूभिया निकम यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

हजर : स्वतः बाळूभिया. माझी धारची वहिनी सुशीला. शेजारचे झेरॉक्सवाले राठौर, जे बोलावलं नसताना सगळीकडे हजर असतात. मी. आणि टेबलावर, धारहून मांडीवर ठेवून आणलेला वहिनीचा कॉम्प्युटर, हळदीकुंकवासकट.

गैरहजर : हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये पक्की बसवायचे स्क्रू.

बाळूभियांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये हे स्क्रू कधी हजर नसत. त्याचं कारण पुढे येईल. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. कोणती वस्तू कुठे आहे आणि कुठे असायला हवी होती पण नाही, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे नोंद करायची म्हटलं की मी हजर-गैरहजरपासूनच सुरुवात करते.

बाळूभिया आता नाहीत. माणूस गेला की त्याच्याबद्दल मऊ लिहायची पद्धत आहे. मला ती जमत नाही. ते जसे होते तसे लिहिते.

ते मूळचे धारचे, माझ्या माहेरच्याच गल्लीतले. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते खोगीर शिवायला. पुढे दरबार गेला, घोडे गेले. आजोबांनी टांग्याचे साज शिवले, वडिलांनी स्कूटर आणि ट्रॅक्टरच्या सीटांना कव्हरं घातली. बाळूभियांच्या वाट्याला सीटही उरल्या नाहीत, कारण त्या कारखान्यातूनच शिवून येऊ लागल्या. म्हणून त्यांनी इंदूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला. अर्धा. उरलेला अर्धा त्यांच्या मते "सगळा इंग्रजीत होता आणि काही कामाचा नव्हता."

एवढ्या शिदोरीवर ते देवासला आले आणि इथल्या तमाम मराठी माणसांचे डॉक्टर झाले. ते कसे झाले हे मी पुष्कळ वर्षं पाहिलं आहे. देवासला कारखान्यांच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली मंडळी पुष्कळ. लग्न होऊन मी त्यांच्यातच आले. ही मंडळी हिंदीत भाजी घेतात, हिंदीत बँकेत जातात, पण भांडायचं म्हटलं की त्यांना मराठी लागते. आणि कॉम्प्युटर बिघडला की माणसाला कुणाशी तरी भांडायचंच असतं. बाजारात चांगले दुरुस्त करणारे होते, पण ते मराठीत बोलणी खाणारे नव्हते. बाळूभिया खात. पोटभर खात आणि वर म्हणत, "चिंताच करू नका. होऊन जाईल."

होऊन जाईल. हे त्यांचं एकमेव निदान आणि एकमेव औषध.

त्यांची तपासायची पद्धत बघण्यासारखी होती. कॅबिनेट पुढ्यात आलं की आधी त्याच्या पाठीवर थाप मारायची. मग वाकून कान लावायचा. मग मागच्या बाजूचा वास घ्यायचा, डोळे मिटून. एवढं झालं की मान हलवून म्हणायचं, "डिस्क खोगीर ठेवू देत नाहीये." म्हणजे डिस्क जागेवर आहे, फिरते आहे, पण कॉम्प्युटर तिला ओळखत नाही आणि तिच्यातलं काही उघडत नाही. ऐकणाऱ्याला वाटे, केवढं खोल ज्ञान! खोगीर बाळूभियांनी जन्मात एकही शिवलेलं नव्हतं आणि घोड्याच्या जवळ ते वरातीतसुद्धा जात नसत. पण गिऱ्हाइकाला डेटा केबल म्हटलं की कळत नाही आणि घोडा म्हटलं की कळल्यासारखं वाटतं. हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

एकदा गणेशोत्सवाच्या ऐन तोंडावर मराठी मंडळाच्या कॉम्प्युटरची डिस्क अशीच दिसेनाशी झाली. तिच्यावर नाटकाचं सगळं पार्श्वसंगीत. बाळूभियांनी वास घेतला आणि जाहीर केलं, "ओल धरलीय." कॅबिनेट गच्चीवर नेऊन उन्हात ठेवलं. त्याच गच्चीवर कुणाचे साबुदाण्याचे पापड वाळत होते. संध्याकाळी दोन्ही खाली आणलं. पापड वाळले होते आणि डिस्क चालू झाली होती. जिन्यावरून खाली आणताना कॅबिनेट दोनदा आपटलं आणि आतली सैल केबल जागेवर बसली, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्यानंतर वर्षभर देवासच्या मराठी गच्च्यांवर कॉम्प्युटर ऊन खात होते.

पण उन्हाने कुणाचं नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते देशपांडेकाकांचं. काकांनी निवृत्त झाल्यावर घरातले सगळे जुने फोटो एकेक करून डिस्कवर घेतले होते. ती डिस्क एक दिवस उघडेना. कॉम्प्युटर अशा वेळी एक चौकट दाखवतो आणि विचारतो, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? म्हणजे पुसून कोरी करायची का? शहाणा माणूस इथे नाही म्हणतो आणि आधी वायर बघतो. बाळूभिया हो म्हणाले. मग काकांना बोलावलं.

"या काका, बघा. डिस्क दिसून राहिली की नाही?"

"दिसतेय खरी. पण फोटो?"

"फोटो ही वेगळी गोष्ट झाली. तुमची तक्रार काय होती? डिस्क दिसत नाही. आता दिसते. एकदम साफ करून दिलीय."

काका कोरी डिस्क घेऊन घरी गेले. काकूंनी दसऱ्याचं म्हणून बाळूभियांना वाटीभर श्रीखंड दिलं. फोटो गेले हे मी समजू शकते. श्रीखंड मला अजून समजलेलं नाही.

आता स्क्रूचं. हार्ड डिस्क कॅबिनेटमधल्या खणात सरकवून दोन्ही बाजूंनी स्क्रू मारतात, म्हणजे ती फिरताना थरथरत नाही आणि मागे खोचलेल्या वायरी हलत नाहीत. बाळूभियांना स्क्रू मान्य नव्हते. "जिवंत वस्तूला खिळा मारत नाहीत, मंगलताई. फिरते ना ती? मग जिवंतच." ते डिस्कला चामड्याचा पट्टा बांधत. वडिलांच्या वेळचं उरलेलं चामडं, वडिलांचीच आरी. पट्टा पाण्यात भिजवायचा, ओला असतानाच आवळायचा, वाळला की तो आकसून घट्ट बसतो. "पिढ्यांचं काम आहे," ते म्हणत. खोगिरासाठी असेलही. मी स्टोअरमधून स्क्रूची पुडी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती दाराला अडसर म्हणून वापरली.

आता वहिनीबद्दल. माझ्या माहेरी पिढीजात जरीचं आणि कशिद्याचं काम. खोगिरावर घालायची झूल, निशाणं, पगड्यांचे पदर. दरबार गेल्यावर लग्नाचे शेले आणि ब्लाउज. माझा भाऊ मशीनला तेल घालतो आणि वहिनीचं ऐकतो. घर वहिनीच चालवते. तिने कॉम्प्युटरवर चालणारी कशिद्याची मशीन घेतली. त्या मशीनला नक्षी कागदावर देऊन चालत नाही. सुई कुठे पडेल, कुठे वळेल, टाका टाका कॉम्प्युटरवर बसवावा लागतो. एका वेलीला महिने जातात. माझ्या वडिलांनी शेवटच्या वर्षांत हात थरथरत असताना जुन्या नक्ष्या आठवून काढल्या, आणि वहिनीने रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून त्या एकेक करून बसवल्या. मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले. सगळं नक्ष्यांसाठी वेगळ्या बसवलेल्या त्या एका डिस्कवर. आणि ती डिस्क बसवलेली कुणी? बाळूभियांनी. गल्लीतला माणूस म्हणून. भर पावसाळ्यात, ओल्या पट्ट्याने.

दुसरी प्रत ठेवा, असं मी वहिनीला दर राखीला सांगत होते. "ठेवते, वन्सं," असं ती दर राखीला म्हणत होती. नणंदेला वन्सं म्हणणारी घरं आता धारमध्येही फारशी उरली नाहीत. आमच्या घरात शब्द जुने टिकतात, प्रती टिकत नाहीत.

नवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. कात्र्या, सुया, जरीकामाचं कापड ताणायची कारचोबाची जुनी चौकट आणि आता मशीन. त्या वर्षी बाळूभियांनी फोन करून वहिनीला सांगितलं होतं, "कॉम्प्युटरची पण करा. आणि बाहेरच्या पत्र्याला हळद लावून काय होणार? खरं अवजार आत असतं. बाजूचं झाकण काढा आणि डिस्कला लावा." वहिनीने केलं. हळद, कुंकू, अक्षता, फूल. दसऱ्याला मशीन सुरू करायला गेली तर डिस्क दिसेना. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू, आणि बदनावरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडच्या लग्नाचं सगळं काम तिच्याकडे. ते काम हातचं गेलं असतं तर पुढच्या वर्षी मशीन राहिली नसती, आणि मशीन नसती तर त्या डिस्कवरच्या नक्ष्यांचं पुढे कुणी काही केलं नसतं.

म्हणून ती एकादशीची सकाळ.

बाळूभियांनी थाप मारली. कान लावला. वास घेतला. "झेंडू," ते म्हणाले. निदान म्हणून नव्हे, कौतुकाने. "छान पूजा केलीत, वहिनी."

"भाऊजी, चालेल ना हो?"

"होऊन जाईल."

त्यांनी स्क्रीन जोडला, चालू केला. डिस्क फिरल्याचा आवाज आला. आणि चौकट उघडली. फॉरमॅट करायची का?

त्यांचा हात माउसकडे गेला. सवयीने गेला, तेच वाईट. मी काही बोलायच्या आत वहिनीने आपला तळहात माउसवर ठेवला. पूर्ण झाकला.

"हे काय विचारतंय?"

"साफ करू का, विचारतंय. साफ केली की दिसेल."

"आणि माझ्या नक्ष्या?"

बाळूभिया मान खाजवू लागले. राठौर दारात येऊन उभे होतेच, काय चाललंय विचारत. "कई हुई रियो हे, बाळूभिया? अस्पताल में भर्ती कर ली क्या?"

"भिया, तुम दो मिनट चुप रहो," बाळूभिया म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्हीच सांगा, मंगलताई. आहे का दुसरा काही इलाज?"

"आहे," मी म्हटलं. "आधी वायर बघा. मग वायर जिथे बसते ती जागा बघा. मग डिस्क."

"वायर मी स्वतः घातलीय."

"म्हणूनच."

ते उठून उभे राहिले. मोठे दिसायचे उभे राहिले की. "मी घातलेली वायर निघत नाही. पट्टा हलत नाही, तर वायर कशी हलेल? हा पट्टा, माझा आजा असता तर त्याने..." आणि पुढे आजा, पणजा, धारचा तबेला. मी घड्याळ बघितलं. डोळ्यांसमोर सरळ दोन वाटा होत्या. फॉरमॅट केलं तर डिस्क दिसली असती, बाळूभियांचं नाव राहिलं असतं, आणि वहिनी धारला कोरी डिस्क घेऊन गेली असती. पट्टा सोडला तर आधी त्यांना मान्य करावं लागलं असतं की पट्टा सोडण्यासारखा आहे.

वहिनीने माउसवरचा हात काढला नाही. हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, पट्टा सोडा."

बस. एवढंच. मी वर्षानुवर्षं जे आरडून सांगत होते ते तिने देवघरातल्यासारखं सांगितलं. आणि बाळूभियांनी कॉम्प्युटर बंद केला, आरी उचलली आणि गाठ सोडायला घेतली. सुटेना. पावसाळ्यात ओला आवळलेला पट्टा वर्षानुवर्षांच्या उन्हाने लाकडासारखा झाला होता. शेवटी आरीने गाठ उकलली तेव्हा दिसलं, त्याने डिस्क तिरकी ओढली होती. मागे वायर जिथे बसते तिथे प्लॅस्टिकची एक पातळ जीभ असते, तिला तडा गेला होता. आणि त्या तड्यात, अगदी बेतून बसवल्यासारखा, एक तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

दाणा मी चिमट्याने काढला. वायर परत लावली आणि कॉम्प्युटर चालू केला. डिस्क दिसली, आणि आपण दिसलो हे तिच्या लक्षात येताच गेली. परत लावली. परत गेली. बाळूभियांनी वायर अंगठ्याने खालून दाबली तेव्हा ती आली आणि राहिली. अंगठा काढला, गेली. दाबला, आली.

"दाबून धरा," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"होऊन जाईपर्यंत."

माझ्या पिशवीत नवी रिकामी डिस्क होती. मी रिकाम्या हाताने कुठे जात नाही. ती जोडली आणि एकेक फोल्डर इकडून तिकडे उतरवायला घेतला. लगीनसराईचं आधी, मग बाकीचं. डिस्क धापा टाकत होती, हळूहळू देत होती. बाळूभिया स्टुलावर वाकून बसले होते, हात कॅबिनेटच्या आत, अंगठा त्या तड्याखाली. त्यांना बोलायची बंदी होती, कारण ते बोलले की हातवारे करत आणि हातवारे केले की डिस्क जाई. शिंक आली की जाई. राठौरनी मुद्दाम विनोद केला की हसू येई आणि जाई, मग फोल्डर पहिल्यापासून. शेवटी वहिनीने राठौरना दुकानाबाहेर काढलं. असं गप्प बसलेले बाळूभिया देवासमध्ये कुणी पाहिले नसतील. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबे, वहिनी पदराने पुसे. जेवण नाही. वहिनीने चहा बशीत ओतून त्यांच्या तोंडाला लावला, आजारी माणसाला पाजतात तसा.

माझ्या मनात काय होतं ते लिहिते. हे सगळं त्यांनीच केलेलं होतं. पट्टा त्यांचा, पूजेचा सल्ला त्यांचा. स्वतः पाडलेलं भोक अंगठ्याने बुजवणाऱ्याची आरती करायची नसते. ते तेव्हाही मला पटत नव्हतं, आजही नाही. पण अंगठा हलला नाही, ही नोंद खरी आहे. दुपार कलली तेव्हा नखाखालचा भाग पांढराफटक पडला होता.

ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरलं तोवर एकच फोल्डर राहिला. वडिलांची मोठी वेल. जुन्या झुलींच्या काठावर असायची ती : आंब्याची कोयरी, तिच्यातून निघणारी पानं, दर वळणाला एक पोपट मागे बघणारा. वहिनीचे शेले त्या वेलीमुळेच ओळखले जात. त्या वेलीचा एकही शेला घरात नाही. कशिदेवाल्याच्या घरी चांगलं ते विकलेलंच असतं. तो फोल्डर सर्वांत जड होता म्हणून मी शेवटी ठेवला होता.

उतरू लागला. स्क्रीनवरची पट्टी भरत होती. निम्म्याहून जास्त भरली.

राठौर दारातून डोकावले. "हुआ क्या, भिया?"

आणि बाळूभियांनी हात बाहेर काढला आणि त्यांना अंगठा वर करून दाखवला.

तोच अंगठा.

डिस्क गेली. आणि हात झटक्याने निघाल्यामुळे ती जीभही गेली. तुकडा टेबलाखाली पडला, तो मी शोधून पुडीत ठेवला. नंतर बाळूभियांनी कुठूनही, कसंही दाबलं तरी डिस्क आली नाही.   राठौर हळूच आपल्या मशीनकडे गेले आणि कुणाचं तरी आधार कार्ड झेरॉक्स करू लागले.

मी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण मराठीत होतं आणि बाळूभियांनी नेहमीप्रमाणे सगळं खाल्लं. फरक एवढाच की शेवटी 'होऊन जाईल' म्हणाले नाहीत. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं, उलटसुलट करून, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखं. मग म्हणाले, "वहिनी, ही डिस्क माझ्याकडे राहू द्या. ती झूल आमच्या खोगिरावर पडायची. वेल मी काढून देतो."

"इंदूरला देऊ या," मी म्हटलं. "तिथे यंत्रं आहेत, माणसं आहेत."

वहिनी म्हणाली, "राहू द्या त्यांच्याकडे, वन्सं."

वहिनी बदनावरचं लग्न उतरवून मोकळी झाली. काम नीट झालं, मशीन राहिली. पण त्या व्यापाऱ्याच्या घरच्या बायकांनी विचारलंच, यंदा पोपटाची वेल नाही का? वहिनीने सांगितलं, दुरुस्तीला दिली आहे. हे तिने मला हसत सांगितलं. फोनवर हसणं ऐकू येतं, पण त्यात काय आहे तेही ऐकू येतं.

मी बाळूभियांना दर आठवड्याला विचारत होते. ते टाळत होते. रस्त्यात मला बघून झेरॉक्सच्या दुकानात शिरत. एकदा मी राठौरनाच विचारलं, हे करतात तरी काय? ते म्हणाले, "दीदी, भिया चमड़ा छील रिया हे दिनभर. ग्राहक लौटा देता हे." चामडं सोलतायत, गिऱ्हाईक परत पाठवतायत. मला वाटलं, पुन्हा पट्टा. मी त्या दिवशी इंदूरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून ठेवला.

त्यांचं शेवटचं दिसणं असं. मी कारखान्याच्या गाडीतून परत येत होते. फाटकाजवळ गाडी थांबली, समोर त्यांचं दुकान. बाळूभिया पायरीवर बसले होते. चामड्याची एक चिंचोळी पट्टी दातांत धरून ओली करत होते, आणि मांडीवर दुसरा काहीतरी लहानसा तुकडा, त्यावर आरी चालत होती. दर चार टाक्यांनी थांबून ते तो तुकडा आपल्या उजव्या अंगठ्याशेजारी धरून बघत. एरवी आमची गाडी दिसली की ते रस्त्यापलीकडून ओरडत, "काय मंगलताई, स्टोअरमध्ये स्क्रू उरले का?" त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. गाडीतल्या कुणीतरी म्हटलं, "आज तुमच्या बाळूभियांचा आवाज नाही." गाडी सुटली.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. हृदयाचा झटका, सकाळी, आंघोळ करून आल्यावर. देशपांडेकाकू सर्वांत जास्त रडल्या. फोटो पुसणाऱ्यासाठी.

तेरावं झाल्यावर त्यांची बायको आमच्याकडे आली. फडक्यात बांधलेली डिस्क माझ्या हातात दिली. "तुमचीच ना? सारखे म्हणायचे, मंगलताईला आधी दाखवायची. ती शिव्या देते, पण नीट बघते."

फडकं सोडलं. डिस्कला पट्टा होता. कोरडा, नवा, वळी न पडलेला. म्हणजे या वेळी ओला आवळला नव्हता. आणि मागच्या बाजूला, जिथली जीभ तुटली होती तिथे, वायरच्या खाली चामड्याची एक पाचर बसवलेली. अंगठ्याच्या पेराएवढी. वरचा भाग किंचित खोलगट, नखाखालचं मांस दाबलं जातं तसा. बाजूने अगदी बारीक टाके. वायर जिथे लागते त्या पिना कशाने तरी सरळ केलेल्या, एकेक. मी भिंग लावून बघितलं. पिना सरळ होत्या.

सुंदर काम होतं, एवढं लिहायला हरकत नाही. चालेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. सुंदर कामं न चालणारी मी स्टोअरमध्ये रोज बघते.

ती डिस्क माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. शेजारी इंदूरचा पत्ता, तुटलेल्या जिभेची पुडी आणि स्क्रू. वहिनी दर रविवारी फोन करते. आधी भाच्यांची चौकशी, मग पाण्याची, मग, "लावून बघितलीत का, वन्सं?"

"वहिनी, तू आलीस की लावू," असं मी म्हणते. ती आली तेव्हा माझ्याकडे पाहुणे होते. पुन्हा आली तेव्हा वीज गेली होती. मागच्या खेपेला काहीच नव्हतं. पाहुणे नव्हते, वीज होती, ती समोर बसली होती, कपाट उघडं होतं. मी चहा करायला उठले.

नाही चालली तर वहिनीची वेल गेली आणि बाळूभिया शेवटपर्यंत बाळूभियाच होते, हे ठरलं. चालली तर हे वर लिहिलेलं पुष्कळसं मला पुन्हा लिहायला घ्यावं लागेल.

बाकी काम : डिस्क लावून बघणे.